झाड शोधू नका, वाट शोधा : कावळ्यांचा रातथारा पाहायला शिकताना

दिवस कलायला लागला की जरा वेळ उघड्यावर उभे राहा आणि आभाळाकडे बघा. एक कावळा जाईल. मग दोन. मग बराच वेळ कोणीच नाही, आणि मग एकदम सहा-सात, एकामागे एक, संथ पंख मारत. दिवसभर हेच कावळे वाटेल तिकडे उडत असतात. आता मात्र सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. रोज डोक्यावरून जाणारी ही रांग एकदा लक्षात आली की दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाय आपोआप बाहेर पडतात. ज्यांचे पाय असे बाहेर पडू लागलेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हे कावळे जिथे चाललेले असतात त्या जागेला रातथारा म्हणतात. घरटे आणि रातथारा यांत गल्लत करू नका. घरटे एका जोडीचे, अंडी-पिलांपुरते. पिले उडाली की त्याचे काम संपले. रातथारा म्हणजे रात्री एकत्र झोपायची जागा, आणि तिथे शेकडो, कधी हजारो कावळे रोज येतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल इथे विद्यापीठाच्या आवारातली पाणथळ जमीन पूर्ववत केली, तिथे झाडे वाढली, आणि २००९ च्या सुमारास कावळे तिथे झोपायला येऊ लागले. आता ऐन हिवाळ्यात तिथे दहा हजारांच्या वर कावळे मोजले जातात. एवढा मोठा रातथारा प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. पण दोनशे कावळ्यांचा रातथाराही मन लावून बघण्यासारखा असतो, आणि शिकायला तर तोच बरा.

नवीन माणूस सर्वांत आधी झाड शोधायला निघतो. कावळ्यांची शाळा कुठे भरते असे चार जणांना विचारतो, कुणीतरी एखादे झाड दाखवते, आणि तो तिथे जाऊन बसतो. माझा अनुभव असा की झाडापासून सुरुवात केली की चुकीच्या जागी बसणे होते. सुरुवात वाटेपासून करा. वाट सापडली की झाड सापडतेच, आणि समजा नाही सापडले, तरी मोजणी वाटेवरूनच जास्त चांगली होते.

कोणते कावळे आणि केव्हा

गावकावळ्याची मान राखाडी असते. डोमकावळा सगळा काळा, त्याची चोच जाड आणि आवाज खर्जातला. तिन्हीसांजेच्या उजेडात मानेचा रंग कळत नाही, तेव्हा आवाजावर आणि चोचीच्या आकारावर भिस्त ठेवा. दोन्ही जाती एकाच रातथाऱ्यावर दिसू शकतात, शेजारच्या फांद्यांवर साळुंक्याही असतात. युरोपात रूक आणि जॅकडॉ हे कावळ्याचे भाऊबंदही असेच एकत्र झोपतात. जात कुठलीही असो, शोधायची आणि मोजायची रीत तीच.

विणीच्या दिवसांत रातथारा ओसरतो, कारण घरट्यात अंडी-पिले असलेली जोडी घरट्याला धरून राहते. तो पूर्ण ओस मात्र पडत नाही. जोडी न जमलेले आणि तरुण कावळे येतच राहतात. पिले उडती झाली की आकडा पुन्हा चढू लागतो, आणि थंड हवेच्या देशांत तो भर हिवाळ्यात सर्वांत वर पोचतो. शिकायला सुरुवात करायची तर आकडा चढत असतानाच्या दिवसांत करा. तेव्हा वाटा ठळक असतात आणि चूक झाली तरी दुसऱ्या संध्याकाळी सुधारता येते.

वेळेचे गणित सोपे आहे. सूर्यास्ताआधी दीड तास जागेवर असावे आणि पूर्ण काळोख पडल्यावर आणखी अर्धा तास थांबावे. कावळा घड्याळावर चालत नाही, उजेडावर चालतो. आभाळ दाटून आलेले असेल तर रांगा लवकर सुरू होतात, त्यामुळे ढगाळ दिवशी आणखी वीसेक मिनिटे हाताशी ठेवा.

वाट पकडणे

पहिल्या संध्याकाळी एकच काम करायचे: उंच, मोकळी जागा गाठायची. गच्ची, टेकडी, पूल, मोठ्या मैदानाची कड, काहीही चालेल. मावळतीकडचे उजळ आभाळ समोर असेल तर लांबचा कावळाही काळा ठिपका म्हणून स्पष्ट दिसतो. उगवतीकडे तोंड करून बसलात तर करड्या आभाळात निम्मे कावळे निसटतात.

आता कोणता कावळा घरी चाललाय आणि कोणता अजून कामात आहे हे ओळखायला शिकावे लागते. कामातला कावळा खालून उडतो, वळतो, एखाद्या छपरावर उतरतो, मान तिरकी करून खाली बघतो. झोपायला निघालेल्या कावळ्याचे पंख एका लयीत पडतात. तो सरळ जातो, खाली बघत नाही, आणि बहुतेक वेळा गप्प असतो. वारा समोरून असेल तर झाडांच्या शेंड्यांना लागून खालून जातो. वारा पाठीशी असेल तर चांगलाच उंचावरून. म्हणून वाऱ्याच्या दिवशी 'आज कावळे आलेच नाहीत' असे वाटले तर आधी नजर खाली आणा, मग वर न्या.

अर्ध्या तासात कुठून आले, कुठे गेले आणि किती वाजता एवढे तीनच कॉलम लिहा. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की दिशा आपोआप उभी राहते. नकाशावर आपल्या जागेपासून त्या दिशेला पेन्सिलीने रेघ ओढा.

दुसऱ्या संध्याकाळी त्या रेघेवर किलोमीटर-दीड किलोमीटर पुढे जाऊन उभे राहा. सोबत कोणी असेल तर काम निम्म्या वेळात होते: दोघांनी दोन लांबच्या ठिकाणी एकाच संध्याकाळी उभे राहायचे, दोघांनी आपापली रेघ ओढायची, आणि त्या जिथे छेदतात त्या भागात तिसऱ्या संध्याकाळी शोध घ्यायचा. रेघ अगदी सरळ धरू नका. कावळे नदीच्या काठाने, डोंगराच्या सोंडेने, झाडांच्या रांगेने वळण घेत जातात. छेदबिंदू म्हणजे शोध सुरू करायची जागा, एवढाच अर्थ त्याला द्या. आणि अंतराने नाउमेद होऊ नका. काही जातींचे कावळे झोपण्यासाठी दहा-वीस किलोमीटर सहज येतात, त्यामुळे चार-पाच संध्याकाळी नुसते पुढे सरकण्यातच गेल्या तरी ते शोधाचेच काम आहे.

फसवे झाड

इथे जरा थांबून लिहिते, कारण सर्वांत जास्त नोंदी याच ठिकाणी चुकतात.

कावळे सहसा थेट झोपायच्या झाडावर जात नाहीत. आधी ते कुठेतरी जमतात. एखादे मोकळे मैदान, सपाट छप्पर, विजेच्या तारा, पाने झडलेले उंच झाड. वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या रांगा तिथे मिळतात आणि एकच गलका उडतो. काही जण जमिनीवर टोचत हिंडतात, काही एकमेकांचा पाठलाग करतात, काही नुसतेच बसून ओरडतात. पाहणाऱ्याला वाटते, सापडला रातथारा. ती नुसती जमायची जागा असते. अंधार दाट होत आला की तो सगळा जमाव उठतो आणि खऱ्या झाडांकडे जातो, कधी दोनशे पावलांवर, कधी किलोमीटरभर लांब.

मी सुरुवातीला अशाच एका झाडाच्या तेरा संध्याकाळच्या नोंदी लिहून ठेवल्या होत्या. रोज साडेतीनशे-चारशे कावळे, रोज दिवे लागले की मी वही मिटून निघत असे. चौदाव्या दिवशी अचानक सर आली म्हणून आडोशाला थांबले. सर ओसरली तेव्हा जवळजवळ रात्र झाली होती, आणि वर बघते तर फांद्यांच्या जाळीतून आभाळ मोकळे दिसत होते. एकही कावळा नाही. दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत थांबले तेव्हा काय होते ते समजले. गलका चढत जातो, आणि मग मध्येच, कुणी सांगितल्यासारखा, एकदम बंद पडतो. ती शांतता दोन-तीन सेकंदांचीच असते. मग पंखांचा असा आवाज येतो की जणू कुणी मोठी ताडपत्री झटकली, आणि सगळे झाड एकाच वेळी मोकळे होते. तेरा दिवसांचे आकडे वाया गेले नाहीत, पण त्यांच्यापुढे 'रातथारा' ऐवजी 'जमायची जागा' असे लिहावे लागले.

म्हणून नियम ठेवा: पान कोणते आणि कावळा कोणता हे डोळ्यांना वेगळे करता येईना, आणि त्यानंतर दहा मिनिटे कोणीच उडाले नाही, की मगच निघायचे. खात्री सकाळी करता येते. रातथाऱ्याखाली पानांवर, फरशीवर, वाहनांवर पांढऱ्या शिटांचा थर असतो, त्यात पिसे असतात, आणि बारकाईने पाहिले तर कावळ्यांनी ओकलेल्या गोळ्याही असतात. न पचलेल्या बिया, किड्यांची टरफले, हाडांचे तुकडे असे त्या गोळीत असते. जमायच्या जागेखाली शिटा असतात, पण तुरळक.

कुठे उभे राहायचे

झाडांपासून पन्नास ते शंभर पावले दूर, उघड्यावर, पण एखाद्या भिंतीला किंवा खांबाला लगटून. झाडाखाली कधीच नाही. डोक्यावर टोपी असू द्या, अंगात गडद साधे कपडे. कावळे माणसाचा चेहरा ओळखतात, हे लक्षात ठेवायला हवे. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर कित्येक वर्षे तो मुखवटा कुणीही घालून गेले तरी कावळे त्याच्यावर तुटून पडत. तुम्ही एकदा रातथाऱ्यात घुसून त्यांना उडवलेत तर पुढच्या संध्याकाळी तुमच्या नुसत्या येण्याने बसायची वेळ बदलू शकते. रोज त्याच जागी, त्याच चालीने या. चार दिवसांत तुमची दखल घेणे थांबते.

विजेरी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, ड्रोन हे काहीही नको. अंधारात उडालेला कावळा पुन्हा फांदी शोधताना तारांवर आपटू शकतो. वहीत लिहायला उजेड लागतोच, तर फोनचा पडदा सर्वांत मंद करा किंवा लाल कागद लावलेला छोटा दिवा वापरा. दुर्बीण असेल तर आठ पट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. कातरवेळी ती पुरेसा उजेड ओढते. पण मोजताना ती गळ्यातच राहू द्या. दुर्बिणीतून एका वेळी आभाळाचा छोटा तुकडा दिसतो आणि बाजूने वीस कावळे निघून जातात.

मोजणी

झाडावर बसलेले कावळे मोजण्याच्या फंदात पडू नका. पानांआड निम्मे दिसत नाहीत आणि बाकीचे सतत जागा बदलतात. मोजायचे ते येणारे.

दोन ठळक खुणा निवडा, समजा एक दिव्याचा खांब आणि एका इमारतीचा कोपरा. त्यांच्यामधून आभाळात एक रेघ आहे असे धरा. त्या रेघेवरून रातथाऱ्याच्या दिशेने गेला तो अधिक, उलट आला तो उणे. दर पाच मिनिटांची बेरीज वेगळी लिहा. एवढेच. सुरुवातीला एकेकटे, दोन-दोन येतात तेव्हा तोंडाने मोजता येते. हातात टॅली काउंटर (बटण दाबले की आकडा एकाने पुढे सरकवणारे छोटे यंत्र) असेल तर नजर वरून हटवावी लागत नाही. स्वस्त, साधी वस्तू आहे, पण तिच्याइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचा झालेला नाही.

खरी कसोटी शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लागते. जमायच्या जागेवरून दोनशे, तीनशेचा लोंढा एकदम येतो. तेव्हा एकेक मोजायला गेलात की हरवलात. थव्याच्या एका टोकाचे दहा कावळे मोजा, दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा, आणि तेवढे तुकडे पूर्ण थव्यात किती बसतात ते पाहा. थवा फारच मोठा असेल तर पन्नासाचा तुकडा. याचा सराव घरी करता येतो: मूठभर दाणे कागदावर टाका, दोन सेकंद बघा, अंदाज लिहा, मग मोजा. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. मोठ्या थव्यांच्या बाबतीत माणसाची नजर कमीच सांगते, मुरलेल्या निरीक्षकांचीसुद्धा. सरावाने ती चूक जात नाही, पण ती किती आहे हे समजते. आणखी एक उपाय म्हणजे लोंढा येताना फोनवर स्थिर चित्रण करून घ्यायचे, घरी चित्र थांबवून चौकटी पाडायच्या आणि एकेक मोजायचा. महिन्यातून एकदा असे करून आपला अंदाज तपासत राहा.

रातथाऱ्याला बहुधा तीन-चार वाटा असतात. एकट्या माणसाला सगळ्या वाटा धरता येत नाहीत, आणि धरायचा आटापिटाही करू नये. एकच वाट निवडा आणि वहीत स्पष्ट लिहा: उत्तरेची वाट, एवढीच मोजली. एका वाटेचे वर्षभराचे आकडे हाती असले की रातथारा भरतोय की ओसरतोय हे कळते. चारही वाटांवर धावपळ करून काढलेल्या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. मोठ्या शहरांतही कावळ्यांचा अंदाज रातथाऱ्यांवरूनच घेतला जातो, कारण दिवसा ते इतके पांगलेले असतात की मोजणे अशक्य. टोकियोत २००१ मध्ये अशाच मोजणीतून छत्तीस हजारांच्या आसपास कावळे असल्याचे समोर आले. कचऱ्यावर जाळ्या टाकणे, पिंजरे लावणे असे उपाय झाल्यावर पुढे आकडा किती उतरला, तेही रातथाऱ्यांवरच्या मोजणीतूनच कळले.

वहीतली नोंद कशी असावी ते दाखवते. माझ्या वहीतले एक पान, मधल्या पाच-पाच मिनिटांच्या बेरजा गाळून, असे आहे:

सूर्यास्त ६:०४. आभाळ निम्मे ढगाळ, वारा पश्चिमेचा, हलका. उत्तरेची वाट. पहिला कावळा उणे ७३. उणे ६० पर्यंत ९. उणे ३० पर्यंत एकूण ६१. उणे १० ला दक्षिणेकडे गलका ऐकू आला, दिसले नाही. अधिक ४ ला मोठा थवा, अंदाजे १८०, दहाच्या तुकड्यांनी. अधिक ११ ला ६०. अधिक १९ ला शेवटचा, एकटा. परत गेलेले ७. एकूण ३४६. अधिक २५ ला एक घुबड पश्चिमेकडून; अर्धे झाड उठले, पाच मिनिटांत पुन्हा बसले.

या पानातले उणे-अधिक म्हणजे कावळ्यांच्या दिशा नव्हेत, सूर्यास्ताच्या आधी आणि नंतरची मिनिटे. घड्याळाच्या वेळा लिहिल्या तर वेगवेगळ्या महिन्यांची तुलना करताना पंचाईत होते. सूर्यास्त धरून लिहिले की सगळी पाने एका मापात येतात. 'अंदाजे' हा शब्द जिथे लागू आहे तिथे न विसरता लिहा. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर खाते उघडून या नोंदी तिथेही टाकता येतात. शेरा लिहायच्या जागेत 'रातथाऱ्याकडे जाणारे, एका वाटेवरची मोजणी' एवढे लिहायला विसरू नका, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला तो आकडा दिवसा एका जागी दिसलेल्या कावळ्यांचा वाटेल.

झाडात काय चालते ते पाहा

मोजणी अंगवळणी पडली की एखादी संध्याकाळ आकड्यांना सुट्टी द्या आणि एकच फांदी धरून बसा.

मला आठवते ती फांदी जमिनीला समांतर, टोकाला किंचित वर वळलेली. तिच्यावर चार कावळे होते, एकमेकांपासून चोच पोचणार नाही इतक्या अंतरावर. पाचवा वरून उतरला, पाय लागले तशी फांदी खाली दबली, चौघांनी पंख उघडून तोल धरला. शेजारच्याने मान पुढे काढून चोच उघडली, आवाज न करता. पाचवा एक पाऊल सरकला. दुसऱ्या बाजूच्याने तेच केले. तो उडाला, झाडाला एक फेरी मारून पुन्हा त्याच जागी आला, आणि या वेळी कोणी काही केले नाही. त्याने चोच फांदीवर दोनदा घासली, छातीची पिसे फुगवली, आणि पाय पिसांत दिसेनासे झाले. या सगळ्याला तीन मिनिटे लागली असतील. असे शेकडो वाद एकाच वेळी मिटत असतात, आणि आपल्याला लांबून तो नुसता गोंगाट वाटतो.

वर बसायचे की खाली, हा तिथला मोठा प्रश्न असतो. खाली बसणाऱ्याच्या अंगावर वरच्यांची शीट पडते आणि पिसे खराब होतात. रूक पक्ष्यांमध्ये असे दिसून आले आहे की वरचढ नर उंचावर बसतात, पण रात्र फार थंड आणि वाऱ्याची असली की तेच खाली उतरून दुबळ्यांना हुसकावतात. तुमच्या रातथाऱ्यावर वादळी रात्री वरचे शेंडे रिकामे राहतात का, हे मुद्दाम बघा. लिहिण्यासारखी गोष्ट आहे.

ते असे का जमतात

घुबड हे एक उत्तर. रात्री कावळा जवळजवळ असहाय असतो, आणि हजारांत एक असला तर त्याच्यावर झडप पडायची शक्यता तेवढी कमी. शिवाय कोणा एकाचे डोळे तरी उघडे असतात. शहरात झोपायला येण्यामागे मोठी जुनी झाडे, इमारतींची ऊब आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड ही कारणे सांगितली जातात.

दुसरे उत्तर जास्त रंजक आहे. १९७३ मध्ये पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी या पक्षी-अभ्यासकांनी मांडले की रातथारा ही बातमी मिळण्याची जागा असते. काल उपाशी राहिलेला पक्षी आज सकाळी पोट भरलेल्याच्या मागून निघतो. यावरचा मला आवडलेला प्रयोग वेल्समधल्या अँगलसी बेटावरचा आहे. रेवन, म्हणजे कावळ्याचा थोरला भाऊ, तिथे मोठ्या संख्येने जंगलात झोपत असे. जोनाथन राइट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या मेंढ्यांच्या मांसात रंगीत प्लास्टिकचे मणी मिसळले, प्रत्येक ठिकाणी वेगळा रंग. पक्ष्यांनी मांसाबरोबर मणी गिळले आणि रात्री झाडाखाली ओकले. सकाळी मण्यांचे रंग पाहिले तर एका ठिकाणी जेवलेले पक्षी रात्रीही एकमेकांजवळच झोपले होते. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच शिटांखालच्या त्या ओकलेल्या गोळ्यांकडे मी कधी दुर्लक्ष करत नाही.

काळजी आणि शेजारी

जुन्या रातथाऱ्याखालची सुकलेली विष्ठा झाडू नका, उकरू नका. पक्ष्यांच्या विष्ठेने खतावलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते आणि तिची धूळ फुप्फुसात गेली की आजार होतो. गोळ्या पाहायच्या तर जमीन ओली असताना, हातमोजे आणि मास्क घालून पाहा, नंतर साबणाने हात धुवा. साफसफाई करावीच लागली तर आधी पाणी मारून.

वादळानंतरच्या सकाळी खाली पडलेला जिवंत कावळा सापडला तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी चोचीत ओतू नका. जवळच्या पक्षिमित्राला किंवा पशुवैद्याला कळवा. एकाच वेळी अनेक मेलेले कावळे दिसले तर मात्र हात लावू नका. जागा आणि संख्या लिहून पशुवैद्यकीय यंत्रणेला लगेच सांगा. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माणसांत वेस्ट नाईल विषाणू आढळला, त्याच सुमारास तिथले कावळे मोठ्या संख्येने मरत होते. तेव्हापासून मेलेला कावळा हा आजाराचा आधीच मिळणारा इशारा मानला जातो. बर्ड फ्लूच्या बाबतीतही तसेच.

आसपास राहणाऱ्यांना घाणीचा आणि आवाजाचा त्रास होतो, तो खराच असतो. तो नाकारून त्यांच्याशी बोलू नका. फटाके वाजवून, डबे बडवून कावळे उठतात आणि दोन-चार गल्ल्यांपलीकडच्या झाडांवर बसतात. त्रास तेवढाच, फक्त दुसऱ्याच्या दारात. अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रातथाऱ्यांत सुरुंग लावून कावळे मारले गेले, तरी तिथे कावळे आजही आहेत. उघडा कचरा बंद करणे, गाडी दुसरीकडे उभी करणे आणि बाकासारख्या गोष्टी फांद्यांच्या सावलीतून चार हात बाजूला घेणे यांनी खरा फरक पडतो. तुमच्या वहीत कोणत्या झाडाखाली किती शिटा पडतात याची नोंद असेल तर हे बोलणे सोपे जाते.

एक पहाट

दहा-बारा संध्याकाळी झाल्या की एक पहाट नक्की काढा. सूर्योदयाआधी तासभर जागेवर असा, कालच्याच खांबाला टेकून. आधी एखादीच काव ऐकू येते, झोपेतल्यासारखी, लांब अंतराने. मग उत्तर येते. मग आवाज वाढत जातो, आणि अजून नीट दिसायच्या आत पहिला गट निघतो. संध्याकाळी दीड तास चाललेले येणे सकाळी पुष्कळदा वीस-पंचवीस मिनिटांत उरकते, त्यामुळे ही मोजणी नवख्याने करू नये, फक्त ऐकावे. जॅकडॉ पक्ष्यांच्या रातथाऱ्यांवर एक्सेटर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इंग्लंडात ध्वनिमुद्रण केले, तेव्हा आवाज चढत एका टिपेला पोचला की शेकडो पक्षी काही सेकंदांत एकत्र उडतात असे दिसले. त्यांनाच त्यांचे आवाज वाजवून दाखवले तर ते नेहमीपेक्षा काही मिनिटे आधी उठले. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्या झाडावर आवाज चढल्यावर गट उठतो का, की गट उठल्यावर आवाज चढतो, हे कान देऊन ठरवा, आणि तीन पहाटा सलग तेच ऐकू आले तरच लिहा.

झाड रिकामे झाल्यावरही दोन-चार कावळे मागे राहतात. पंख ताणतात, पिसे चोचीने सारखी करतात, खालच्या फांदीवर उतरतात. त्यातला शेवटचा कोणत्या दिशेला गेला ते वहीत टिपा. संध्याकाळी त्याच दिशेची वाट धरा.